ट्रॉलीच्या मागची अक्षरं

मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रक वाचणारा उभ्या उभ्या वाचतो. हातातला चहा संपायच्या आत त्याला कळलं पाहिजे की कोण मेलं आणि कोणामुळं. त्यामुळं गोड प्रस्तावना मला जमत नाही. सरळ सांगते. एका मेलेल्या माणसाची अक्षरं एका सिनेमानं नेली, आणि नेताना त्याच माणसाच्या घरचा चहाही पिऊन गेला.

तो माणूस म्हणजे आमचे चाचा. नात्याचे कोणी नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, आणि मी चालायला लागल्यापासून त्यांना चाचा आणि त्यांच्या बायकोला चाची म्हणत आले. चाचा उसाच्या ट्रॉल्या रंगवायचे. दसरा झाला, कारखान्यांचे हंगाम जवळ आले की त्यांच्या दारापुढं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायची. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर काय काय मावतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. वर देवाचं नाव, मग मालकाचं, मग त्याच्या पोरांची, कडेला मेहुण्याचं, आणि खाली मोठ्या अक्षरात उपदेश. चाचांचा आवडता उपदेश होता : ‘मागं राहा, पुढं जाशील’.

त्यांच्या अक्षराच्या उभ्या काड्या जाड, पाय तिरके कापलेले. पण खरी गंमत शिरोरेषेची. सगळा शब्द आधी बिनटोपीचा लिहून घ्यायचे, आणि शेवटी वरची रेघ एका दमात ओढायचे. तीही उजवीकडून डावीकडं. शाळेत जायच्या आधी मशिदीत अलिफ-बे गिरवलेलं, हाताला सवय तीच लागली. त्यामुळं रेघ उजवीकडं जाड आणि डावीकडं निमुळती व्हायची. उभी ट्रॉलीसुद्धा पळतीय असं वाटायचं. आम्ही पोरं दारात बसून ती रेघ बघायचो. ते श्वास धरायचे, आम्हीपण धरायचो.

आमच्या गावावरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि निघालेलंच राहिलं. एक बाजू खोदलेली, रस्त्याखालच्या मोरीसाठी खड्डे घेतलेले, त्यांच्या कडेला ना पिंप ना पट्टी ना दिवा. चाचा मोटरसायकलवर रंगाचे डबे लावून परत येत होते. पुढं खड्डा आहे हे सांगणारं काही नव्हतं. आख्ख्या तालुक्याच्या ट्रॉल्यांवर ज्यानं सबुरीनं घ्या म्हणून लिहून ठेवलं, त्याला सावध करायला एक पाटी नव्हती. हे वाक्य मी पत्रकात घातलं होतं. छापून आल्यावर लोक म्हणाले, लई भारी लिहिलंस. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की लोक भारी वाक्य वाचतात आणि पुढं जातात.

म्हणून आम्ही पाट्या केल्या. आम्ही म्हणजे गावातली रस्त्यासाठीची समिती : काही दूधवाले, एक निवृत्त मास्तर, दोन-तीन कॉलेजची पोरं आणि मी. जिथं जिथं या कामात माणूस गेला तिथं काळी पाटी, तीवर पांढऱ्या अक्षरात ‘इथं माणूस गेला’, आणि खाली बारीक अक्षरात तो काय करायचा आणि कुठला. ‘दूध घालायचा. तिसगाव.’ ‘कॉलेजला जायची.’ ‘पेंटर होता.’ नाव नाही. नावावर बैठकीत बरीच भांडणं झाली. मीच म्हणाले की नाव लिहिलं की लोक आडनाव वाचतात, आडनाव वाचलं की जात वाचतात, आणि मग ज्याला हळहळायचं नाही त्याला सबब मिळते. माणूस गेला एवढंच दिसू दे. मास्तरांनी मान हलवली. ठराव झाला.

आणि पाटीवर अक्षर चाचांचं. मी बाजारतळाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर आहे. वाढदिवस, अभीष्टचिंतन, भावपूर्ण श्रद्धांजली. वाढदिवसाला वापरलेला फोटोच श्रद्धांजलीला चालतो, रंग तेवढा काढायचा. दिवसभर हेच करते. तर मी उभ्या ट्रॉल्यांचे फोटो काढत फिरले आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर, कोरल नावाच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, चाचांचं एकेक अक्षर कापून घेतलं. ‘थ’ मढीच्या नाथांच्या नावातून मिळाला. ‘इ’ कुठंच सापडेना, म्हणून ‘आईचा आशीर्वाद’मधली ‘ई’ घेतली आणि तिच्या डोक्यावरचं काढलं. शिरोरेषा मात्र मी जोडून केली नाही. ‘माझ्या पोरांची कृपा’ अशी एक लांब रेघ एका ट्रॉलीवर होती, तीच सगळीकडं ओढली.

पाट्या लागल्या आणि ट्रॅक्टरवाले गाडी हळू करायला लागले. भीतीनं नाही. अक्षर ओळखीचं होतं. “चाचाचं अक्षर हाय ह्ये,” म्हणायचे, आणि पाय आपोआप ब्रेकवर. ठेकेदारानंही लाजेकाजेनं काही खड्ड्यांभोवती पिंपं उभी केली. म्हणजे पाट्या काम करत होत्या. पत्रकांनी जे झालं नव्हतं ते अक्षरानं झालं.

मग तो आला. दिग्दर्शक. मूळचा आमच्याच बाजूचा, राहायला पुण्यात, आणि बोलताना दर दुसऱ्या वाक्यात ‘आपली माती’. आपल्या मातीतला थ्रिलर करतोय म्हणाला. रस्ता, रात्र, एकामागून एक खून. पुण्याच्या डिझायनरनं दिलेली नावाची अक्षरं त्याला पसंत पडली नव्हती. “सगळी एसीत बसून केलेली वाटतात,” म्हणाला. म्हणून गावच्या दुकानात, गावच्या कॉम्प्युटरवर बसून त्याला फॉन्ट निवडायचा होता. आमचे मालक तर हवेतच गेले. सिनेमावाला दुकानात! त्यांनी स्वतः खुर्ची पुसली.

सिनेमाचं नाव ‘पुढचा कोण?’. मी ते टाईप केलं आणि एकेक फॉन्ट लावून दाखवायला लागले.

“हा तडकलेला बघा,” मी म्हणाले.

“हा सगळ्यांकडं असतो. तडा गेलेला फॉन्ट म्हणजे आता कुणाला भीतीच वाटत नाही.”

“रक्त गळणारा?”

“ताई, रक्त गळणारा फॉन्ट आता पनीरच्या ढाब्यावर पण असतो.”

मालक मध्येच म्हणाले, “साहेब, श्रद्धांजलीचा लावून बघू का? लोक लांबूनच दचकतात. परवा एकाच्या वाढदिवसाला चुकून तोच लागला, तर त्याची सासू रडत आली.”

दिग्दर्शक हसला. मी पण हसले, खोटं कशाला सांगू. माणूस वाईट वाटत नव्हता. मग तो खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, “एक आहे. खलनायक जरा तिकडचा आहे. आपण सिनेमात तसं बोलत नाही, पण अक्षरातून कळलं पाहिजे. ते वळणावळणाचं असतं बघा, वर टिंबं, हिरव्यात.”

“तिकडचा म्हणजे शेवगावचा का?”

“नाही हो ताई. कळलं ना तुम्हाला.”

“नाही कळलं. आमच्याकडं तिकडं म्हटलं की गेवराई लागते.”

मालकांनी मला टेबलाखालून पाय मारला. मी तसला फॉन्ट दुकानात नाही म्हणून सांगितलं. होता. ईदच्या शुभेच्छांना आमदारांपासून सगळे तोच लावतात. मराठी अक्षरं वाकडी केली की त्यांना वाटतं मुसलमानांना गोड वाटतं. चाचांना तो फॉन्ट कधीच आवडला नाही. म्हणायचे, “अक्षराची कंबर मोडलीय त्येच्या.”

दिग्दर्शकानं फार ताणलं नाही. उठला, आणि उठता उठता त्याची नजर भिंतीवर गेली. तिथं आमच्या पाटीचा टेस्ट प्रिंट चिकटवलेला होता. तो तसाच उभा राहिला.

“हा कुठला फॉन्ट?”

“फॉन्ट नाही. आमच्या चाचांचं अक्षर आहे.” आणि मी सगळं सांगितलं. ट्रॉल्या, खड्डा, पाट्या. मला कुणी विचारलं की मी सगळंच सांगते. चळवळीत तीच सवय लागते, ऐकणारा मिळाला की सोडायचा नाही.

तो ऐकत होता, पण डोळे अक्षरावरच. “काय भयानक आहे,” म्हणाला. कौतुकानं. “ही वरची रेघ बघा. जसं कुणीतरी मागून खेचतंय माणसाला. अहो, हेच. हेच पाहिजे.”

त्याला डोळा होता, हे मान्य करावंच लागेल. जे आम्ही लहानपणी श्वास धरून पाहिलं ते त्यानं एका नजरेत पाहिलं, आणि त्याला त्यात खून दिसला.

मी नाही म्हणाले. साध्या शब्दात : ही अक्षरं रस्त्यासाठी आहेत, सिनेमासाठी नाहीत. मालक म्हणाले, “अगं, नाव होईल गावाचं.” मी म्हणाले, गावाचं नाव खड्ड्यामुळं व्हायचं तेवढं झालंय. फाईल माझ्या पेनड्राईव्हवर होती आणि पेनड्राईव्ह माझ्या पर्सला. संपला विषय.

विषय माझ्यापुरता संपला. दुसऱ्या दिवशी तो मालकांना घेऊन चाचीकडं गेला.

मला चाचीनं बोलावून घेतलं तेव्हा तो तिच्या घरात खाली चटईवर मांडी घालून बसला होता. बूट दाराबाहेर नीट लावलेले. चहाचा कप बशीसकट हातात. चाचांचे ब्रश भिंतीच्या खुंटीला अजून टांगलेले होते, ते त्यानं बघितले पण हात लावला नाही. एवढी रीतभात त्याला होती.

“बेटा,” चाची म्हणाली, “ह्येनला ती अक्षरं देऊन टाक.”

“चाची, तुला माहीत आहे का हा सिनेमा कसला आहे?”

“मारामारीचा हाय. सांगितलं त्येंनी. पर सिनेमाच्या सुरवातीला चाचाचं नाव टाकणार हायेत. नाव लिव्हून, एकटंच. अक्षर अमक्याचं म्हणून. मोठ्या पडद्यावर.”

“आणि त्यासाठी...”

“त्यासाठीच.” तिनं पदर सावरला. ती माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. “जिंदगीभर दुसऱ्याची नावं लिव्हली त्येंनी. ट्रॉलीवर मालकाचं, मालकाच्या पोराचं, मेव्हन्याचं. ह्येंचं नाव टाकायला जागाच उरायची न्हाई. कबरीवर दगड न्हाई, आपल्यात कच्चीच असती. आनि तुमी बी पाटीवर ‘पेंटर होता’ लिव्हलं. नाव न्हाई लिव्हलं.”

मला ठराव आठवला. मास्तरांची हललेली मान आठवली. आडनाव वाचलं की लोक जात वाचतात, हे मी तिला सांगू शकले असते. बैठकीत फार टाळीचं वाटलं होतं. तिच्या घरात ते वाक्य तोंडातून निघेना.

मग मी दुसऱ्या बाजूनं गेले. दिग्दर्शकाला म्हणाले, “ठीक आहे. दोन गोष्टी. नाव सुरुवातीला, एकटं, पूर्ण. आणि या अक्षरातली तुमची एकही जाहिरात आमच्या रस्त्यावर लागायची नाही.”

“शब्द दिला, ताई.”

“शब्द नको. लेखी द्या.” पिशवीत कोरा कागद कायम असतो माझ्या. आमची समिती कुणाचंच तोंडी घेत नाही. कलेक्टर कचेरीतला शिपाई जरी म्हणाला की साहेब उद्या येतील, तरी आम्ही लिहून मागतो. लोक चेष्टा करतात. करू देत.

दिग्दर्शकानं चहाचा कप खाली ठेवला. खिशाकडं हात नेला, पेनसाठी असावा. चाची एकदम म्हणाली, “ठेव तो कागद. बरशी झाली न्हाई आजून. दुखाच्या घरात कागद काढत्यात व्हय?”

आमच्या गल्लीतला हा रिवाज आहे. वर्षाच्या आत मयताच्या घरी कुणी सही-अंगठा मागत नाही. हिंदूंच्या घरी नाही, मुसलमानांच्या घरी नाही. मतं मागायला येणारेसुद्धा हात जोडून दारातूनच जातात. हा रिवाज मोडायची माझी टाप नव्हती, आणि मोडावा असं वाटलंही नाही. मी कागद पिशवीत ठेवला. दिग्दर्शकानं हात खिशाकडून परत घेतला आणि कप उचलला. चहा सावकाश संपवला.

फाईल मी त्याच दिवशी दिली. चाचीनं सांगितलं म्हणून दिली. अक्षरं तिच्या नवऱ्याची होती, माझी नव्हती.

बरसी झाली, हंगाम सुरू झाला. रस्ता होता तिथंच. एका सकाळी कामासाठी पाथर्डीला जाताना एसटीच्या खिडकीतून मला आमची पाटी दिसली : ‘इथं माणूस गेला’. थोडं पुढं आणखी एक काळी पाटी. आम्ही तिथं लावलेली नव्हती. पांढरी अक्षरं, तिरके पाय, उजवीकडून आलेली रेघ. ‘पुढचा कोण?’ कोपऱ्यात लाल थेंब, आणि खाली ‘लवकरच’.

पुढं पुन्हा आमची. मग पुन्हा त्यांची. थेट पाथर्डीच्या बाजूला नजर जाईल तिथपर्यंत. इथं माणूस गेला. पुढचा कोण? इथं माणूस गेला. पुढचा कोण? शेजारच्या सीटवरची पोरगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, “कसली डोकेबाज ॲड आहे गं. पहिल्या पाट्या किती महिन्यांपासून लावून ठेवल्या होत्या, कळलं पण नाही आपल्याला.”

मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं, सॉरी म्हणाली, आणि फोन काढून पुढच्या पाटीचा फोटो घेतला.

त्या आठवड्यात पोरं आमच्या पाट्यांखाली झोपून रील काढायला लागली. जीभ बाहेर, हात वाकडा. चाचांच्या पाटीखालीसुद्धा. एका ट्रॅक्टरवाल्याला मी थांबवून म्हणाले, भाऊ, इथं हळू घेत होतात ना तुम्ही? तो म्हणाला, “आता शूटिंगचं हाय ना ते? चाचानं मेल्यावर पिच्चरची पाटी कवा लिव्हली?” आणि हसला. वाईट माणूस नव्हता तोही. या सगळ्यात मला वाईट माणूस शोधूनही सापडत नाही, याचाच जास्त राग येतो. वाईट माणूस सापडला असता तर त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

दिग्दर्शकाला फोन केला.

“ताई, मी नाही लावल्या. ती मार्केटिंगची टीम वेगळी असते.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“माझ्या बाजूनं दिला होता ना. आणि खरं सांगू का, तुमच्याच आंदोलनाची पब्लिसिटी झाली. पुण्यात लोक विचारतायत त्या पाट्यांबद्दल.”

“काय विचारतायत?”

“विचारतायत की रिलीज कधी आहे.”

मी फोन ठेवला.

पाट्या काढा म्हणून आम्ही रस्त्याच्या खात्याकडं अर्ज दिला. त्यांच्या पाट्या, असं स्पष्ट लिहिलं होतं, अधोरेखित करून. एरवी आमच्या अर्जाला उत्तर येईपर्यंत ऋतू बदलतात. या अर्जावर टेम्पो लगेच आला. आणि टेम्पोनं सगळ्या काळ्या पाट्या उपटून नेल्या, त्यांच्याही, आमच्याही. मी कचेरीत गेले तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी मोबाईलवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून मला दाखवले.

“बघा ना ताई. अक्षर एकच आहे.”

“अक्षर एकच आहे, पण आमच्या पाटीखाली माणूस मेलाय.”

“असेल ना. पण आमच्या माणसानं ओळखायचं कसं? विनापरवाना जाहिरात दिसली की काढायची, एवढंच त्याला माहीत.”

“आमच्या पाट्या परत द्या.”

“त्या जमा झाल्या. आणि तुमच्या तरी परवानगीच्या होत्या का?” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “दुसऱ्या अक्षरात करा की. फॉन्ट काय कमी आहेत का?”

पाट्या गेल्या तशी खड्ड्याभोवतीची पिंपंही हळूहळू गेली. त्याचा अर्ज अजून चालू आहे.

सिनेमा नगरला लागला. मी जाणार नव्हते. चाची म्हणाली, “चल. नाव बघायचंय.” जाहिरातींचं मी तिला सांगितलं होतं, पाट्या उपटल्याचंही. तिनं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, “त्येनं ते चुकीचं केलं. पर नावाचं येगळं हाय. नाव माझ्या चहावर बोलून गेलाय तो.” ठेवणीतली साडी नेसून ती आमच्या तिसगावच्या स्टँडवर माझ्या आधी येऊन उभी होती.

पडदा उजळला. कंपन्यांची नावं आली, कुणाकुणाचे आभार आले, तंबाखूची सूचना आली. मग काळ्यावर पांढरं, ‘पुढचा कोण?’. माझ्या घराएवढं मोठं. चाचांची रेघ उजवीकडून डावीकडं ओढली जात होती, आणि खाली ढोल वाजत होते. चाचीनं माझा हात धरला. अक्षर गेलं. नाव आलं नाही. सिनेमा सुरू झाला.

“पुढं येत आसंल,” चाची म्हणाली.

पुढं खलनायक आला. तो पेंटर होता. ट्रॉल्या रंगवणारा. डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, गळ्यात हिरवा रुमाल. ज्याला मारायचं त्याच्या वाटेवर आदल्या दिवशी पाटी लिहून ठेवायचा. म्हणजे त्या दिवशी दुकानातून उठताना दिग्दर्शकानं भिंतीवर नुसतं अक्षर नव्हतं पाहिलं. मी भडाभडा सांगितलेलं सगळं उचललं होतं, आणि जे अक्षरात दाखवता आलं नाही ते टोपीत दाखवलं होतं. थिएटरात लोक त्या पेंटरला शिव्या घालत होते. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “ह्यांच्या रक्तातच असतं.” मी वळून बघितलं. अंधारात कुणाचंही तोंड दिसत नाही, त्याचा फायदा असतो लोकांना.

तो नट पाटीवर शिरोरेषा ओढायला लागला तेव्हा चाची पुटपुटली, “डावीकडनं वढली ह्येनं.”

मध्यंतरात मी म्हणाले, चाची, जाऊ. ती म्हणाली, “नाव ऱ्हायलंय.”

शेवटी पेंटरला ट्रॉलीखाली चिरडलं. टाळ्या पडल्या. दिवे लागले, लोक उठले, आणि पडद्यावर बारीक नावं भराभर वर जायला लागली. चाचीला वाचता येतं, पण बोट लावून, सावकाश. ती उभी राहून, समोरच्यांच्या डोक्यांमधून वाट काढत बघत होती. झाडूवाला आमच्या रांगेत आला तरी हलली नाही. मी एकेक ओळ वाचली. खाण्याची सोय करणारे होते, जनरेटरवाले होते, एका कुत्र्याचं नाव होतं. शेवटी होतं, ‘विशेष आभार : तिसगाव ग्रामस्थ’. मग पडदा पांढरा झाला.

“गेलं का?” चाचीनं विचारलं. “मला एवढं झपझप न्हाई वाचता आलं. आलं हुतं का नाव?”

हो म्हणाले असते तर ती समाधानानं घरी गेली असती. तिनं कुणाला विचारलं नसतं, सिनेमा पुन्हा बघितला नसता. मला ते जमलं नाही. मी म्हणाले, “नाही आलं, चाची.”

“कुटंच न्हाई?”

“कुठंच नाही.”

ती खाली बसली. झाडूवाला म्हणाला, मावशी, पुढचा शो आहे. मग उठली.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडं बसली होती. मोरीच्या खड्ड्यापाशी गाडी हळू झाली, कारण समोरून उसाची गाडी येत होती. ती शेजारून गेली तशी तिच्या मागच्या फळीवर चाचांचं अक्षर दिसलं. ‘मागं राहा, पुढं जाशील’. शेजारच्या बाईनं पोराला कोपरानं ढोसलं : “बघ, बघ, त्या पिच्चरमधल्यासारखं.” पोरगं आईच्या कुशीत शिरलं. चाचीनं खिडकीची काच ओढून घेतली.

काही दिवसांनी ती दुकानात आली. आजवर कधी आली नव्हती. मालक गडबडीनं उठले, तिच्याकडं बघेनात. ती सरळ माझ्यापुढं बसली.

“पाटी करायची. त्येंच्या जागंवर लावायला.”

“करते. फाईल आहे अजून.”

“ती अक्षरं नकोत.”

“चाची, ती त्यांची आहेत. त्या सिनेमावाल्याची नाहीत.”

“हायेत त्येंची. पर आता ती बघून लोक हसत्यात न्हाईतर भेत्यात. माझ्या माणसाच्या जागंवर कुनी हसाया नको, भ्याया बी नको.” मग माझ्या स्क्रीनकडं बोट केलं. “ते आपलं साधं नसतं का, रेशनच्या दुकानावर असतं ते. तसल्यात लिव्ह. आनि ‘माणूस गेला’ नको. नाव लिव्ह. पुरं. बापाच्या नावासकट.”

बैठकीत ठरावाचा विषय पुन्हा निघाला. मास्तर म्हणाले, एकाचं नाव लिहिलं तर सगळ्यांची लिहावी लागतील. मी म्हणाले, मग लिहू. ते म्हणाले, तूच तर म्हणाली होतीस की लोक आडनाव वाचतात. मी म्हणाले, वाचू देत. ठराव मोडला नाही, बदललाही नाही. पाटी मी केली.

कॉम्प्युटरबरोबर फुकट येतो तो फॉन्ट लावला, ज्यात तहसीलच्या नोटिसा निघतात. शिरोरेषा एकसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. प्रिंट निघाला तेव्हा चाची समोर होती. तिनं बोट लावून नाव वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि मान हलवली. मला ती पाटी कुरूप वाटते. अजूनही वाटते.

मोरीच्या अलीकडं, डाव्या हाताला लावली आहे. ट्रॅक्टरवाले तिथं गाडी हळू करत नाहीत; त्यांना ते अक्षर ओळखीचं नाही. खड्डा तसाच आहे. या लिखाणात मी चाचांचं नाव घातलेलं नाही. ते तिथं लिहिलंय, तिथं जाऊन वाचा.